आधीची गोष्ट, मागाहून



गेल्या पंधरवड्यात आमच्या घरात दोन वाद झाले. एक चित्रपटावरून, एक नाटकावरून. दोन्हींचे मूळ एकच निघाले, म्हणून आजचा हा लेखनप्रपंच. चित्रपटाचे नाव ‘टाइमपास ३’. नाटकाला अजून नाव नाही. ते आमच्या मुलीने लिहिले आहे आणि वस्तीतील मुले संध्याकाळी विहाराच्या ओट्यावर त्याच्या तालमी करतात.

आधी चित्रपटाचे सांगतो. रविवारची दुपार होती, कर्जतचा पाऊस लागलेला, जेवणे आटोपलेली. मुलाने चित्रपट लावला आणि आम्ही सारे समोर बसलो. दगडू आणि प्राजक्ता ही जोडी महाराष्ट्राला आता सांगायला नको. रवी जाधव यांचा पहिला ‘टाइमपास’ जानेवारी २०१४ मध्ये आला. वस्तीत वाढलेला, दहावीला गटांगळी खाल्लेला दगडू परब आणि लेल्यांच्या शिस्तीच्या घरातली प्राजक्ता यांची ती कोवळी ओढ आमच्या भागातील पोरांनी अक्षरशः डोक्यावर घेतली. १ मे २०१५ ला दुसरा भाग आला. त्यात मध्ये पंधरा वर्षे गेलेली, दोघे मोठे झालेले, आणि अखेर ती दोघे एकमेकांना मिळतात. गोष्ट संपली. मग २९ जुलै २०२२ ला तिसरा भाग आला, आणि तो दुसऱ्याच्या पुढे न जाता मागे गेला. पहिल्या आणि दुसऱ्याच्या मधल्या काळात दगडू कॉलेजात जातो, तिथे त्याला पालवी पाटील नावाची एक धडाकेबाज मुलगी भेटते, असा त्याचा विषय.

प्रथमेश परब काम छान करतो. हृता दुर्गुळेही ठसक्यात वावरते. तरी अर्ध्या तासात आमच्या घरातील मंडळी पांगू लागली. मुलांच्या आईने शेवग्याच्या शेंगा सोलायला घेतल्या. मुलगी म्हणाली, “पप्पा, या पालवीचं काही होणार नाही. दगडू शेवटी प्राजूचाच, हे आपण आधीच बघून बसलोय. मग ही बिचारी कशाला एवढी धावपळ करते?”

आम्ही म्हटले, “पुढचा भाग आहे, तर पुढची गोष्ट हवी होती.” त्यावर तिने आम्हाला शिकवले की गोष्टीच्या पुढे जातो तो सिक्वेल, मागे जातो तो प्रीक्वेल. “आणि हा तर धड प्रीक्वेलपण नाही, मधलाच तुकडा आहे.” असो. मधला असो की आधीचा, दुखणे एकच. बघणाऱ्याला पुढचे ठाऊक आहे आणि पडद्यावरच्या माणसांना ते ठाऊक नाही.

तिचे निदान सोपे होते: शेवट कळला की मजा गेली. आम्हाला ते पटले नाही, आणि तिथे वादाला तोंड फुटले. शेवट ठाऊक असल्याने मजा जात असती, तर वसंत कानेटकरांचे ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ हे १९६२ चे नाटक पहिल्या रात्रीच पडायला हवे होते. शिवाजीराजे आणि संभाजीराजे यांचे पुढे काय झाले, हे महाराष्ट्रात कोणाला ठाऊक नाही? ‘बाहुबली’चेच घ्या. २०१५ च्या पहिल्या भागाच्या अखेरीस कटप्पा स्वतःच सांगतो की बाहुबलीला आपणच मारले. म्हणजे थोरला बाहुबली मरणार, कोणाच्या हातून मरणार, सगळे उघड. तरी दोन वर्षे उभा देश एकच प्रश्न विचारीत राहिला, आणि २०१७ चा दुसरा भाग, जो बराचसा मागच्या काळातलाच आहे, त्याला तुडुंब गर्दी झाली. डॉ. जब्बार पटेल यांचा २००० सालचा बाबासाहेबांवरील चित्रपट आम्ही चार वेळा पाहिला असेल. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात काय घडले, हे का आम्हाला मामुट्टी यांच्याकडून कळायचे होते? तरी दर वेळी डोळे भरतात.

तेव्हा शेवट ठाऊक असणे हा गुन्हा नव्हे. मग पालवीचे पाहताना शेंगा का सोलाव्याशा वाटतात?

या प्रश्नाचे एक उत्तर आमच्या भागातच उभे आहे. खालापूर तालुक्यात चौकजवळ कलादिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाई यांनी २००५ मध्ये एन. डी. स्टुडिओ उभारला. देसाई २ ऑगस्ट २०२३ ला गेले. पण ‘जोधा अकबर’साठी त्यांनी उभे केलेले महाल आमच्या भागातील अनेकांच्या डोळ्यांपुढे आहेत. आमच्या ओळखीचे एक सुतार तिथे सेटच्या कामाला जात. ते सांगायचे, “पुढून बघाल तर किल्ला, मागं गेलात तर बांबू, प्लाय आणि गोणपाट.” त्यांना त्या मागच्या बाजूचा अभिमान होता आणि तो योग्यही होता, ते त्यांचे कसब होते. पण तिकीट काढून आलेल्या माणसाला बुरुजाची मागची बाजू दाखवली, तर तो चार मिनिटे कौतुकाने बघेल आणि पाचव्या मिनिटाला चहा कुठे मिळतो ते विचारील. पहिल्या चित्रपटात जे आपण बुरुज म्हणून पाहिले, त्याचे टेकू दाखवण्यातच पुष्कळ प्रीक्वेल आपला सारा वेळ घालवतात.

‘नाम शबाना’ आठवतो का? २०१५ च्या ‘बेबी’ मध्ये तापसी पन्नूची शबाना थोडाच वेळ दिसते. काठमांडूच्या हॉटेलातील खोलीत एका धिप्पाड माणसाला ती एकटी लोळवते. आमच्या मुलीने तो प्रसंग किती वेळा पाहिला, त्याची गणती नाही. ही मुलगी कोण, इतकी निर्भय कशी झाली, हे चित्रपट सांगत नाही. म्हणून प्रत्येक मुलीने ते आपल्या मनाशी रचले. कोणी तिला चाळीतली केली, कोणी आपल्यासारखी लोकलने जाणारी केली. २०१७ मध्ये ‘नाम शबाना’ आला आणि सगळी उत्तरे हाती ठेवली. बाप असा होता, मित्र असा मारला गेला, गुप्त खात्याने असे हेरले. तापसीने कष्ट घेतले आहेत, यात वाद नाही. पण जी शबाना प्रत्येकीची होती ती एका फाइलीतली झाली. आमच्या मुलीने त्यानंतर तो काठमांडूचा प्रसंग पुन्हा लावलेला आम्हाला आठवत नाही.

मग असे चित्रपट काढतात कशाला? आम्ही बी. कॉम. झालेले कारकून, आम्हाला त्यात गूढ वाटत नाही. ताळेबंदात नावलौकिकालाही मालमत्ता म्हणून किंमत लावतात. नाव एकदा बाजारात चालले की ते पुन्हा विकता येते. गोष्ट पुढे संपलेली असेल, नायक मेलेला असेल, तर मागे सरकायचे, एवढेच. हॉलिवूडमध्ये १९७७ साली ‘स्टार वॉर्स’ निघाला. त्यातील काळ्या मुखवट्याचा डार्थ व्हेडर लहानपणी कसा गोड मुलगा होता, ते दाखवायला १९९९ मध्ये पुन्हा चित्रपट निघाला. धंदा प्रचंड झाला आणि जुने चाहते आजही त्याच्या नावाने बोटे मोडतात. धंदा आणि समाधान ही दोन वेगळी खाती आहेत.

खात्यांचा विषय निघाला म्हणून एक आठवण सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी एका संस्थेचा (नाव सांगत नाही) जमाखर्च तपासायला लेखापरीक्षक आले होते आणि आम्ही मदतनीस म्हणून शेजारी बसलो होतो. संस्थेने वर्षभर किर्द लिहिलेलीच नव्हती. मार्चअखेर शिल्लक किती दाखवायची ते ठरवून, मागाहून आठवडाभरात बारा महिन्यांची किर्द लिहून काढलेली. लेखापरीक्षकांनी दहा पाने उलटली आणि वही मिटली. आम्ही विचारले, साहेब, बेरीज चुकली का? ते म्हणाले, बेरीज एकही चुकलेली नाही, तीच तर गोम आहे. एकच शाई, एकच वळण, खाडाखोड नाही, एकाही दिवशी पैसे कमी पडलेले नाहीत, आणि प्रत्येक नोंद शेवटच्या शिल्लकीकडे तोंड करून उभी. खरी किर्द लिहिणाऱ्याला संध्याकाळी गल्ल्यात किती उरेल हे सकाळी ठाऊक नसते.

हे आम्ही मुलीला सांगितले आणि म्हटले, तुझ्या पालवीची अडचण ही आहे. शेवट तुला ठाऊक आहे म्हणून काही बिघडत नाही. बिघडते ते असे की तो लिहिणाऱ्यालाही ठाऊक आहे आणि त्याने प्रत्येक प्रसंग त्या शिल्लकीशी जुळवून लिहिला आहे. दगडू पालवीत खरोखर गुंतला, तर पुढची प्राजू खोटी ठरते. नाही गुंतला, तर पालवीला अर्थ उरत नाही. म्हणून त्याने थोडेसेच गुंतायचे, बेतानेच. ‘बाहुबली’त कटप्पाने मारले हे ठरलेले होते, पण मारताना त्याच्यासमोर काय होते, ते उघडायचे राहिले होते. तिथे नोंद बाकी होती. आणि २०२५ च्या ऑक्टोबरात ‘कांतारा’चा आधीचा अध्याय आला तो काही शतके मागे गेला. तिथल्या माणसांचे काय व्हायचे ते आपल्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते. लोकांनी तोही उचलून धरला.

आमच्या मते या प्रकारातला सर्वांत उजवा चित्रपट जुनाच आहे. ‘गॉडफादर’ १९७२ चा. त्यात मार्लन ब्रँडोचा व्हिटो कॉर्लिऑन म्हातारा, सर्वशक्तिमान. १९७४ च्या दुसऱ्या भागात रॉबर्ट डी नीरो तरुण व्हिटो झाला आहे, आणि त्या भागाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्करही मिळाले. आम्ही तो फार उशिरा पाहिला. त्यातील एक प्रसंग आमच्यासारख्या नोकरदाराच्या काळजात घर करून आहे. व्हिटो किराणा दुकानात नोकर आहे. मोहल्ल्यातल्या दादाला आपल्या पुतण्याची सोय लावायची असते, म्हणून मालकाला नाइलाजाने व्हिटोला काढावे लागते. मालकाला वाईट वाटते, तो सामानाची पेटी देऊ करतो. व्हिटो ती घेत नाही. नोकरी गेलेला तो माणूस घरी येतो आणि बायकोसाठी आणलेले एक नासपती मेजावर ठेवतो. बस्स. पुढे हा माणूस काय होणार आहे, याची त्या नासपतीला खबर नसते. त्या क्षणी तो कोणीही होऊ शकला असता, दुसऱ्या दुकानातला नोकरसुद्धा.

आता, मागची गोष्ट नव्याने सांगण्याचे सर्वांत धाडसी उदाहरण आपल्या प्रत्येकाच्या घरात पुस्तकाच्या रूपाने आहे. सिद्धार्थाने घर का सोडले? लहानपणापासून कानी पडलेले उत्तर असे की त्याने म्हातारा पाहिला, रोगी पाहिला, प्रेत पाहिले आणि तो निघाला. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी साधा प्रश्न विचारला. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा, आजारी किंवा मेलेला माणूस पाहिलाच नव्हता, हे कसे मानायचे? ती गोष्ट ठरलेल्या शिल्लकीकडे तोंड करून उभी होती. तिच्या जागी बाबासाहेबांनी रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा ठेवला. शाक्य आणि कोलीय एकाच नदीच्या पाण्यावर शेती करणारे. भांडण होते, शाक्यांच्या संघात युद्धाचा ठराव येतो, सिद्धार्थ विरोध करतो, दोन्ही बाजूंच्या माणसांनी मिळून निवाडा करावा असे सुचवतो, मतदान होते आणि तो हरतो. पुढे सैन्यात दाखल होण्याचा हुकूम येतो. तो नाकारल्यास घरच्यांवर बहिष्कार आणि जमीनजप्ती. तो परिव्रज्या पत्करतो. कर्जत-खालापूरकरांना पाटावरून, विहिरीवरून, नळावरून झालेली भांडणे सांगायला नकोत. तो तरुण हात वर होताना मोजत संघात बसला आहे, असे डोळ्यांपुढे आणले की तो पुढे बुद्ध होणार आहे हे क्षणभर आमच्या ध्यानात राहत नाही. त्या बैठकीत तो एक अल्पमतातला सभासद असतो.

मुलगी हे सारे ऐकून गप्प झाली. आम्हाला वाटले, वाद आम्ही जिंकला. प्रत्यक्षात तो चार दिवसांनी, दुसऱ्या कोणी तरी जिंकला.

तिच्या नाटकाचा विषय आमच्या वस्तीतील आत्या. नात्याने त्या कोणाच्याच आत्या नाहीत आणि सगळ्यांच्या आहेत. वय ऐंशीच्या पुढे. चाळीस वर्षांपूर्वी रिकामे हंडे घेऊन बायकांसह ग्रामपंचायतीच्या दारात बसलेल्या, आणि नळ येईस्तोवर न उठलेल्या, त्या ह्याच. पोरगी शाळेत गेली नाही असे कळले की काठी टेकीत त्या घरी येऊन बसतात. त्यांचा हा उत्तरार्ध सर्वांना पाठ आहे. म्हणून मुलीने ठरवले की नाटक त्याच्या आधीच्या काळाचे लिहायचे. पंचविशीतल्या आत्या, भाताची लावणी चालली आहे, आणि चिखलात उभ्या राहून त्या बायकांना शिक्षणाचे महत्त्व सांगत आहेत. या वस्तीत एक दिवस नळ येईल, असेही सांगत आहेत. भाषण झकास उतरले होते. आम्हीच त्यातील दोन वाक्ये सुधारून दिली होती, हेही कबूल करतो.

तालमीला आत्यांना बोलावले. खुर्ची दिली, चहा दिला. प्रवेश संपल्यावर मुलांनी टाळ्या वाजवल्या. आत्या म्हणाल्या, “चांगली बोलते गं पोरगी. पण ही कोन?”

मुलगी म्हणाली, “आत्या, ती तुम्हीच.”

“मी? लावणीच्या वक्ताला कोन बोलतंय एवढं? कंबर मोडते. आन् शिक्षनाचं मला तवा काय ठावं?” मग थोडा वेळ थांबून त्या म्हणाल्या, “मी तर माझ्या लेकीला दुसरीतून काढली.”

ओट्यावर शांतता पसरली. हे आम्हालाही ठाऊक नव्हते, आणि आम्ही या वस्तीत जन्मलो. आत्यांचे यजमान तेव्हा खोपोलीला एका कारखान्यात बदलीवर होते. काम लागेल त्या दिवशी मजुरी. घरात तान्हा मुलगा. आत्या लावणीला जाणार, तर त्याला सांभाळणार कोण? थोरलीला घरी ठेवले. लावणी संपली, मग बेणणी आली, मग कापणी आली. “मास्तर दोनदा आले घरी. दुसऱ्या खेपेला मी आतच बसले. हिलाच दारात धाडली सांगाया, की आई घरात नाय.”

आमच्या मुलीने हळूच विचारले, “म्हणून मग तुम्ही नंतर सगळ्या मुलींना शाळेत पाठवायला लागलात का?”

आम्ही मनात म्हटले, जुळली शिल्लक. नाटकाला याहून चांगला धागा कुठे मिळणार?

आत्यांनी मान हलवली. “तसं काय नाय सांगता येनार मला. म्हनून का, आनिक कशानं का. नळाचं म्हनशील तर नळ पान्यासाठी केला. खांदे दुखायचे माझे.”

त्या रात्री मुलगी फारशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी तिने चिखलातले भाषण वहीतून काढले, त्यासोबत आमची सुधारलेली दोन वाक्येही गेली, आणि ती आत्यांकडे गेली. मास्तर दारात उभे आहेत, मुलगी दारात, आई आत. हा प्रवेश घेऊ का, असे तिने विचारले. मंडळातील दोघा-तिघांचे मत पडले की हे दाखवू नये, आत्यांचा मान जाईल, लोक काय म्हणतील. आत्यांनी त्यांचे ऐकून घेतले.

“माझं मी सांगितलं,” त्या म्हणाल्या. “पन दारात मी नव्हते, ती व्हती. तिला इचार.”

आत्यांची ती लेक आता साठीला आली आहे. अंबरनाथला असते. तिला नातवंडे आहेत, आणि तान्हेपणी तिने सांभाळलेला भाऊ चांगल्या हुद्द्यावरून निवृत्त झाला. येत्या रविवारी आम्ही दोघे बाप-लेक सकाळच्या लोकलने तिच्याकडे जाणार आहोत. मुलीने तीन प्रश्न लिहून काढले होते, ते काल खोडले. काय विचारायचे ते तिथे गेल्यावर बघू, म्हणते. ती हो म्हणेल की हाकलून देईल, याचा आम्हाला अंदाज नाही.

तोवर नाटकाच्या प्रयोगाची तारीख पुढे ढकलली आहे. ज्यांनी वर्गणी दिली आहे त्यांनी कृपया नोंद घ्यावी. पावत्या जपून ठेवाव्यात.